आधी सेल मोजा

गेल्या अंकात छोट्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांवर लिहिलं आणि जाता जाता दोन ओळी लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीबद्दल टाकल्या. पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या दोन ओळींवर. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावरही असंच होतं. गिअर गेला, सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) अडकतोय म्हणून गाडी येते, बॉडी उतरवली की खरं दुखणं बॅटरीच्या कप्प्यात सापडतं. म्हणून या वेळचं सगळं सदर बॅटरीला.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. मामांनी मला क्योशो कंपनीची १/२८ (खऱ्या गाडीच्या अठ्ठाविसाव्या भागाएवढी) मिनी-झी दिली आहे. तिच्यात चार बारीक पेन्सिल सेल (ट्रिपल-ए) बसतात. मित्राकडे ड्रोनची छोटी टू-एस लायपो आहे. ती सोल्डर करून लावली तर गाडी जास्त पळेल ना? (एक विद्यार्थी, सांगली)

पळेल, पण फार वेळ नाही. सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी वहीत हे गणित मांड. तुझे चार सेल निकेल मेटल हायड्राइडचे, म्हणजे रिचार्जेबल असतील तर प्रत्येकी १.२ व्होल्ट, एकूण ४.८. साधे अल्कलाइन नवे असतील तर एकूण ६. लायपोचा एक सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्टवर असतो. टू-एस म्हणजे असे दोन सेल, एकूण ८.४. तुझ्या गाडीचा बोर्ड चार पेन्सिल सेलसाठी बनवलेला आहे. त्यावर मोटर चालवणारे ट्रान्झिस्टर, रिसीव्हर, स्टिअरिंगचं सर्किट सगळं एकत्र बसवलेलं असतं. त्यामुळे एक भाग जळला की अख्खा बोर्ड बदलायचा, आणि तो स्वस्त नाही.

मग वन-एस लावू का, असं तू पुढच्या पत्रात विचारशील. वन-एस पूर्ण चार्ज ४.२ आणि बराच वेळ ३.७ च्या आसपास. चार चांगल्या रिचार्जेबल सेलपेक्षा कमीच. गाडी हलकी होईल, पण सरळ रस्त्यावर मागे पडेल.

तुझ्या गाडीला खरा फरक पडेल तो ७५० ते ८०० एमएएचच्या (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) चांगल्या रिचार्जेबल सेलने. चारही एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले, कायम एकत्र वापरलेले. चार्जर असा घे की प्रत्येक सेलला त्यात स्वतंत्र दिवा आहे. जोडीजोडीने चार्ज करणारा चार्जर एका अशक्त सेलपायी दुसऱ्यालाही खराब करतो.

आणि मित्राच्या गाडीशी तुलना करू नकोस. डब्ल्यूएल टॉइजची के-९८९ सुद्धा १/२८ च आहे, पण ती कारखान्यातूनच ७.४ व्होल्टची टू-एस घेऊन येते. गाडी केवढी आहे यावरून बॅटरी ठरत नाही. बोर्डाला किती व्होल्ट झेपतात यावरून ठरते.

प्रश्न : माझ्या १/१८ बगीत आधी ७.२ व्होल्टचा निकेलचा पॅक होता. तो काढून ७.४ व्होल्टची १५०० एमएएच लायपो टाकली. सुरुवातीला गाडी भन्नाट पळाली. महिन्याभरात पॅक फुगला. दुकानदार म्हणतो, तुम्ही ओव्हरचार्ज केलीत. मी तर लायपोसोबत आलेल्या चार्जरवरच लावतो. नेमकं काय झालं असेल? (कोल्हापूर)

बॅटरी फुगली की सगळे चार्जरकडे बोट दाखवतात. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, ती गाडी पळवताना मेली.

निकेलचा पॅक संपत आला की गाडी हळूहळू मंदावते. हाताला कळतं, आपण थांबतो. लायपो शेवटपर्यंत जवळजवळ त्याच जोमाने पळवते आणि मग एकदम बसते. ती बसेपर्यंत सेल तीन व्होल्टच्या खाली गेलेला असतो. लायपोसाठी बनवलेला स्पीड कंट्रोलर, म्हणजे ईएससी, त्याआधीच वीज तोडतो. निकेलच्या गाडीसोबत आलेल्या ईएससीत हा कटऑफ बरेचदा नसतो, किंवा असतो आणि निकेलवर लावलेला असतो. हॉबीविंगच्या क्विकरन १०६० या ईएससीवर यासाठी बारीक जंपर आहे, म्हणजे पिनांवर जागा बदलून बसवायचं टोपण. तो निकेलच्या जागी राहिला तर लायपोसाठी फार उशिरा वीज तुटते. आधी तुमच्या ईएससीचं मॅन्युअल काढा आणि हे बघा.

सेल खूप खाली गेला की आत काय होतं तेही सांगते, कारण हे समजलं की माणूस आपोआप जपतो. सेलच्या आत एका बाजूला ॲल्युमिनियमचा आणि दुसऱ्या बाजूला तांब्याचा पातळ पत्रा असतो. व्होल्टेज फारच उतरलं की तांबं द्रवात विरघळायला लागतं. पुढच्या चार्जिंगला ते तांबं परत जमतं, पण भलत्याच ठिकाणी, आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. दरम्यान द्रवाचं विघटन होऊन वायू सुटतो. लायपोचं आवरण म्हणजे नुसती पातळ पिशवी, म्हणून ती फुगते. फुगलेला पॅक दाबून कप्प्यात बसवणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. तो पॅक आता बाद.

नवा घेतलात की ही एक सवय लावा. साधा मल्टिमीटर पुरतो, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. लायपोच्या दोन जाड वायरींशेजारी एक छोटा पांढरा प्लग असतो, तीन बारीक वायरींचा. तो बॅलन्स प्लग. मीटरची काळी पिन काळ्या वायरीच्या खाचेत, लाल पिन मधल्या खाचेत: हा पहिला सेल. मग काळी पिन मधल्या खाचेत, लाल पिन उरलेल्या टोकाला: हा दुसरा सेल. दोन्ही पिनांची टोकं एकमेकींना लागू देऊ नका. ठिणगी उडते आणि प्लग वितळतो. हात थरथरत असेल तर प्लगमध्ये खोचायचा छोटा सेल चेकर घ्या, तो आकडे स्वतःच दाखवतो.

आणि हे माप गाडी पळवून आल्यावर, दहाएक मिनिटांनी घ्या. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलंत तर दोन्ही सेल ४.२० दिसतील, कारण बॅलन्स चार्जरने त्यांना ओढूनताणून सारखं केलेलं असतं. दुखणं पळाल्यानंतरच दिसतं. समजा जाड वायरींवर ७.० व्होल्ट आले. वाटेल, ठीक आहे. आत बघितलं तर एक सेल ३.७२ आणि दुसरा ३.२८. आता ईएससीचा कटऑफ ६.४ ला असला तरी उपयोग नाही. तो फक्त बेरीज बघतो. ३.५ अधिक २.९ म्हणजेही ६.४ च, आणि तोवर अशक्त सेल तीनच्या खाली गेलेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या फुगलेल्या टू-एस पॅकमध्ये बहुधा एकच पिशवी फुगलेली असते, दुसरी सपाट. त्याचं कारण हेच.

ईएससीला कटऑफ नसेलच तर बॅलन्स प्लगमध्ये बसणारा अलार्म मिळतो. प्रत्येक सेलवर वेगळं लक्ष ठेवतो. ३.५ वर लावा आणि बॉडीखाली दुहेरी टेपने चिकटवा. आवाज कर्कश आहे, पण १/१८ बगी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असली तरी ऐकू येतो.

प्रश्न : २५ सी, ५० सी, १०० सी यांतलं कोणतं घ्यावं? माझी गाडी १/१६, ब्रशलेस. (पुणे)

‘सी’ म्हणजे पॅक आपल्या क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकतो तो आकडा. त्याला पॅकच्या अँपिअर-अवरने गुणायचं. १५०० एमएएच म्हणजे १.५, गुणिले २५, म्हणजे कागदावर साडेसदतीस अँपिअर. तुमच्या ईएससीवर जो आकडा छापलाय त्याच्या थोडा वर हा गुणाकार आला की झालं. पण लेबलवरचा ‘सी’ कंपन्या मोकळ्या हाताने छापतात, त्यावर मी विसंबत नाही. चांगला बॅलन्स चार्जर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध मिलिओहममध्ये दाखवतो, तो बघा. सेलचा रोध २० मिलिओहम असेल आणि गाडी २० अँपिअर ओढत असेल तर त्या सेलचं ०.४ व्होल्ट आतच खर्ची पडतं आणि ८ वॅट उष्णता पॅकमध्येच निघते. दोन सेलचे मिळून १६ वॅट, तेही बंद प्लास्टिकच्या कप्प्यात. नवा पॅक आणला की रोध मोजून पॅकवरच मार्करने तारीख घालून लिहा. चार महिन्यांनी परत मोजा. आकडा दुप्पट झाला असेल तर पॅक रेसमधून काढून सरावाला ठेवा.

चार्जिंगचा नियम सोपा आहे. १५०० एमएएचला दीड अँपिअर, ४०० ला ०.४. कंपनीने जास्त चालेल असं छापलं असलं तरी घाई नसेल तेव्हा एवढ्यावरच ठेवा.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याच्या बाबांनी लायपोची गाडी आणली. मी मोबाइलवर लायपो पेटल्याचे व्हिडिओ पाहिले आणि आता माझी झोप उडाली आहे. वन बीएचके आहे, बाल्कनी ग्रिलची. ही वस्तू घरात ठेवावी का? (डोंबिवली)

ठेवता येते. तुमची काळजी मात्र अगदी योग्य आहे आणि घरच्यांनी ती हसण्यावारी नेऊ नये. लिथियमच्या सेलमध्ये पेट घेणारा द्रव असतो. मोबाइलमध्येही तोच असतो, पण मोबाइलला टणक कवच असतं आणि चार्जिंगवर लक्ष ठेवणारं सर्किट आतच असतं. गाडीच्या लायपोत ते सर्किट नसतं. ते काम चार्जरला आणि माणसाला करावं लागतं.

तर तुमच्या घरासाठी माझं सांगणं असं. चार्जिंग मोठ्या माणसाने लावायचं आणि मोठं माणूस घरात जागं असतानाच. रात्री लावून झोपायचं नाही, दूध आणायला जाताना लावून जायचं नाही. मुलाने बॅटरी गाडीत घालावी, काढावी, मोजावीसुद्धा, चार्जरला हात लावू नये. जागा म्हणजे फरशी. पलंग, सोफा, अभ्यासाचं टेबल, पडद्याजवळचा कट्टा, यातलं काहीच नको. फरशीवर मातीची रुंद कुंडी ठेवा, तळाशी कोरड्या वाळूचा थर घाला आणि बॅटरी तिच्यात ठेवून चार्जर बाहेर ठेवा. लायपोची अग्निरोधक पिशवी मिळते, तीही चांगली. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा मात्र वापरू नका. आत वायू साठला तर झाकण उडतं. शेजारी आणखी एक बादली कोरडी वाळू असू द्या.

चार्जरवर ‘लायपो’, ‘बॅलन्स’ आणि ‘टू-एस’ हे तिन्ही बरोबर निवडलंय का, हे सुरू करण्यापूर्वी दोघांनी बघायचं. ४.३५ व्होल्टपर्यंत चार्ज होणारी एचव्ही नावाची बॅटरी असते. तिचा पर्याय साध्या लायपोला चुकून लागला तर ती ओव्हरचार्ज होते. चार्ज करताना पॅक हाताला गरम लागता कामा नये. गरम लागला, गोडसर रसायनासारखा वास आला, पिशवी ताणल्यासारखी दिसली, तर भिंतीवरचा स्विच बंद करा. धूर निघायला लागला असेल तर बॅटरी उचलायला जाऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा, खोलीचं दार ओढून घ्या, १०१ ला फोन करा. तो धूर विषारी असतो, श्वासात जाऊ देऊ नका.

गाडी जोरात आपटली तर पॅक बाहेर काढून सगळ्या बाजूंनी बघायचा आणि घरात आणण्यापूर्वी अर्धा तास उघड्यावर ठेवायचा. लहान गाड्यांचे पॅक बहुधा मऊ पिशवीचे असतात, कोपऱ्याला खोक पडली तर लगेच दिसत नाही. तुमच्या गाडीच्या कप्प्यात बसत असेल तर कडक आवरणाचा, हार्डकेस पॅक घ्या.

तुमच्या मुलाला दोन्ही सेलचे आकडे वहीत लिहायला सांगा. अकरा वर्षांची मुलं हे फार मनापासून करतात, आणि त्या वहीवरून तुम्हालाही बॅटरी बिघडत चालली आहे का ते दिसेल.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो. संध्याकाळी गाडी पळवली तरी बॅटरीला हात लाववत नाही. काही उपाय? (नागपूर)

लायपोची वरची मर्यादा साधारण ६० अंश. तुमच्याकडे ती निघतेच ४० वरून, म्हणजे तुम्हाला जेमतेम वीस अंशांची मोकळीक. मोटरचा पिनियन, म्हणजे तिच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, एक-दोन दात लहान लावा. वेग थोडा उतरेल, पण मोटर कमी अँपिअर ओढेल आणि बॅटरी लक्षणीय थंड राहील. बॉडीला मागून हवा जायला भोक पाडा. पळवून आल्यावर लगेच चार्जरला लावू नका, सावलीत निववून घ्या. आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत बॅटरीची पिशवी अजिबात विसरू नका, पाच मिनिटांसाठीही नको.

प्रश्न : आम्ही कॅनडात असतो. गाडी आणि बॅटऱ्या गराजमध्ये असतात, जानेवारीत तिथे उणे तापमान असतं. उन्हाळ्यात उत्तम चालणारी बॅटरी तेव्हा अर्ध्या वेळात संपते. खराब झाली का? (कॅल्गरी)

नाही, थंडीत रोध वाढतो म्हणून लवकर संपल्यासारखी वाटते. घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, परत पूर्वीसारखी चालेल. चार्ज मात्र गराजमध्ये करू नका. शून्याच्या खाली चार्ज केलं तर लिथियम धातू होऊन आत थर धरतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

प्रश्न : १/१२ च्या पॅन कारमध्ये (सपाट, बुटक्या रेसच्या गाडीत) रेसला वन-एसच का? सगळं जग टू-एस, थ्री-एसकडे चाललंय. (पुणे)

मला हा प्रश्न फार आवडला, कारण १/१२ हा माझा सगळ्यात लाडका वर्ग. या गाड्या पूर्वी निकेलच्या चार सेलवर, ४.८ व्होल्टवर धावायच्या. लायपो आल्यावर त्या ताकदीच्या जवळ जाणारा आकडा वन-एसचा, ३.७ चा होता. टू-एसचा ७.४ एवढ्या हलक्या गाडीला खूपच जास्त झाला असता. मागे स्प्रिंगची पट्टी, फोमचे टायर, जमिनीला टेकल्यासारखी चॅसी. यात वेग वळणावर राखायचा असतो आणि वन-एस तो राखू देते.

अडचण एकच, रिसीव्हर आणि सर्वोला ३.७ व्होल्ट पुरत नाहीत. म्हणून वन-एसच्या ईएससीत बूस्टर असतो, तो व्होल्टेज वाढवून पाच-सहाच्या घरात नेतो. तुमचा ईएससी बूस्टरचा नसेल तर वेगळा बूस्टर किंवा रिसीव्हरला स्वतंत्र छोटी बॅटरी लावावी लागेल. नाहीतर जोरात ॲक्सिलरेशन दिलं की व्होल्टेज दबतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि गाडी भिंतीत जाते. लोक रेडिओला दोष देतात.

थ्री-एसबद्दल एवढंच की मोटरचे फेरे व्होल्टच्या पटीत वाढतात. टू-एसवरून थ्री-एसवर गेलात म्हणजे फेरे थेट दीडपट. १/१८ च्या प्लास्टिक डिफरन्शियलचे, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचे, दात ते सोसत नाहीत.

प्रश्न : नातू दिवाळीत आणि मे महिन्यात येतो. मधले महिने गाडी माझ्याकडे. मी बॅटरी पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवतो, म्हणजे तो आला की तयार. मागच्या खेपेला ती निम्म्या वेळातच संपली. (रत्नागिरी)

काका, नातवासाठी तुम्ही तयारी ठेवता हे वाचून बरं वाटलं. फक्त पूर्ण चार्ज करून ठेवू नका. ४.२० व्होल्टवर महिनोन्‌महिने पडलेला सेल आतून म्हातारा होतो, रिकामा ठेवला तर स्वतःहून उतरत उतरत मरतो. मधला आकडा ३.८० ते ३.८५, म्हणजे टू-एसला ७.६ ते ७.७ व्होल्ट. बॅलन्स चार्जरवर ‘स्टोरेज’ असा पर्याय असतो, तो निवडलात की चार्जर गरजेप्रमाणे भरतो किंवा उतरवतो आणि तिथेच थांबतो. गाडीतून बॅटरी काढूनच ठेवा. स्विच बंद असला तरी काही ईएससी थोडी थोडी वीज पीत राहतात. दर दोन महिन्यांनी मोजा. तुमच्या खाऱ्या दमट हवेत प्लगच्या पिना हिरवट पडतात, म्हणून बॅटरी कोरड्या जागी ठेवा आणि पिना अधूनमधून बघा. नातू येणार त्याच्या आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करा.

प्रश्न : फुगलेली बॅटरी मिठाच्या पाण्यात दोन दिवस बुडवून कचऱ्यात टाकली तर चालते, असं ऐकलं. खरं का? (म्हापसा)

नाही, तसं करू नका. मिठाच्या पाण्यात सेलच्या बाहेरच्या पट्ट्या गंजून तुटतात. मग मीटर शून्य दाखवतो, पण वीज आत तशीच उरलेली असू शकते. अशी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर गाडी पेटू शकते, आणि त्या गाडीवर माणसं काम करत असतात.

उघड्यावर, विटांवर किंवा वाळूत बॅटरी ठेवून तिला मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब जोडा. बल्ब विझला तरी काही तास तसाच राहू द्या. मग दोन्ही सेल मोजा. शून्याच्या जवळ आले की वायरींच्या टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळा. एकाच वेळी दोन्ही वायरी कापू नका, कात्रीतूनच शॉर्ट होतो. पिशवी फाटलेली असेल किंवा बॅटरी गरम लागत असेल तर बल्बच्या फंदातही पडू नका, वाळूच्या बादलीत घालून बाहेर ठेवा. त्यानंतर ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या आणि देताना लिथियमची आहे, फुगलेली आहे, असं तोंडाने सांगा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा जिथून घेतली त्या दुकानदारालाही विचारा. म्हापशात सोय सापडली नाही तर पणजीला चौकशी करा, तोवर ती वाळूतच राहू द्या.